कौल आणि मंडळी

कोकणातल्या एखाद्या गावात सोयरीक जुळेना, दुखणे हटेना, किंवा बांधाच्या तंट्याचा निकाल कचेरीत लागेना, म्हणजे गावकरी गुरवाला पुढे करून ग्रामदेवतेला कौल लावतात; मूर्तीच्या दोन्ही अंगांस ओल्या कळ्या किंवा तांदूळ चिकटवले जातात, गाऱ्हाणे घातले जाते, आणि उजवीकडची कळी आधी सुटली की देवीने होकार दिला असे मानून लोक निर्धास्त मनाने घरची वाट धरतात. गंमत अशी की, हा शब्द मुळात गाभाऱ्यातला नव्हे, दप्तरातला आहे. पडीत जमीन लागवडीस आणणाऱ्या रयतेला सरकार जे अभयपत्र लिहून देई तो कौलनामा. आणि देवाच्या अभयवचनालाही आपल्या लोकांनी तेच नाव दिले, यात देव आणि सरकार या दोहोंविषयींची एक पुरातन समजूत दडलेली असावी, की दोघांकडेही अर्ज करावा लागतो आणि दोघेही कारणे सांगण्यास बांधलेले नसतात.

एकोणिसाव्या शतकात महाराष्ट्रातले जे शिकलेसवरलेले हिंदू ख्रिस्ती झाले, त्यांच्यापुढे वस्तुतः दोन प्रश्न होते. ख्रिस्त खरा काय, हा पहिला. त्यावर वादविवादांचे, खंडनमंडनांचे आणि आत्मचरित्रांचे एक लहानसे वाङ्मयच आपल्या भाषेत उभे आहे, आणि बाबा पदमनजींचे 'अरुणोदय' त्यात अग्रस्थानी शोभते. दुसरा प्रश्न असा की, ख्रिस्त खरा असेल तर त्याच्या नावाने परस्परांशी भांडणाऱ्या अनेक मंडळ्यांपैकी खरी कोणती? देवाला कौल लावून विचारावा असाच हा प्रश्न; पण त्याकडे आपल्या इतिहासकारांनी फारसे लक्ष दिलेले नाही, आणि त्याला कारणही तसेच आहे. बहुतेकांच्या बाबतीत हा प्रश्न त्यांनी विचारण्यापूर्वीच दुसऱ्या कोणीतरी सोडवून ठेवलेला होता.

तो सोडवला होता मुलुखाच्या वाटणीने. अमेरिकन मिशनरी १८१३ साली मुंबईत उतरले आणि १८३१ मध्ये अहमदनगरास जाऊन बसले. स्कॉटिश मिशनरींनी १८२३ मध्ये कोकणकिनाऱ्यावर काम आरंभून पुढे मुंबई, पुणे आणि नागपूर ही ठाणी धरली. नाशिक हे इंग्लंडच्या चर्च मिशनरी सोसायटीचे, बेळगाव लंडन मिशनचे, कोल्हापूर अमेरिकेतल्या प्रेस्बिटेरियन लोकांचे, अशी विभागणी हळूहळू रूढ झाली, आणि एकाच्या हद्दीत दुसऱ्याने पाऊल टाकले की जहागिरीच्या सरहद्दीवरून व्हावी तशी कुरबूर होऊ लागली. परिणाम असा झाला की, नगर जिल्ह्यातला महार बाप्तिस्मा घेई तो काँग्रिगेशनल होई आणि नाशकाकडचा त्याचा मेहुणा अँग्लिकन होई. एकाच्या मंडळीस बिशप नाही आणि दुसऱ्याच्या मंडळीस आहे, यामागे युरोपात दोनतीन शतके किती रक्त सांडले गेले, याची त्या दोघांनाही वार्ता नसे. धर्ममत ज्याच्या त्याच्या तालुक्यावरून ठरत होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

याहून विलक्षण प्रकार १८४३ साली घडला. मे महिन्यात एडिंबरो येथे स्कॉटलंडच्या राष्ट्रीय चर्चमधून धर्मोपदेशकांचा एक मोठा समुदाय सभात्याग करून बाहेर पडला आणि त्याने फ्री चर्च स्थापन केले. तंटा होता तो गावच्या पाळकाची नेमणूक जमीनदाराने करावी की मंडळीने, याविषयीचा. मुंबईचे डॉक्टर जॉन विल्सन फ्री चर्चच्या बाजूस गेले, आणि त्यांच्याबरोबर त्यांचे मराठी शिष्यही, ज्यांनी स्कॉटलंडचा जमीनदार जन्मात पाहिला नव्हता, आपोआप फ्री चर्चचे सभासद झाले. रोमन कॅथोलिकांकडेही हेच. पोर्तुगालच्या राजाचा पाद्रोआदो आणि रोमची प्रोपागांडा या दोन अधिकारांत मुंबईची चर्चे १७९४ साली वाटली गेली आणि ती दुहेरी सत्ता १९२८ पर्यंत टिकली. एवढ्या काळात एका वस्तीतल्या दोन शेजाऱ्यांनी दोन निराळ्या बिशपांची आज्ञा मानावी, यात कोणाला नवल वाटेनासे झाले होते.

मिशनरी हिंदूला सांगत होता की, बापजाद्यांचा धर्म केवळ बापजाद्यांचा म्हणून धरून बसू नकोस, स्वतःच्या विवेकाने पारखून घे, परमेश्वराजवळ प्रकाश माग. आणि तो बिचारा पारखून, प्रकाश मागून, घरदार, वतन आणि पंगत सोडून दाराशी आला म्हणजे तोच मिशनरी त्याच्या हाती आपल्या बापजाद्यांचे चर्च देऊन म्हणत होता की, आता यापुढे पारखणे पुरे. यात ढोंग होते असे मी म्हणत नाही. त्या माणसांना आपले चर्च हवेइतके स्वाभाविक वाटे, आणि हवेविषयी कोणी प्रश्न विचारील असे त्यांच्या स्वप्नातही आले नसावे.

ज्यांनी तो प्रश्न विचारला त्यांत पहिले नाव नीलकंठशास्त्री गोऱ्हे यांचे घ्यावे लागते. चित्पावन घराण्यात १८२५ साली झाशीजवळ जन्मलेला आणि काशीत शास्त्रे शिकलेला हा पंडित मिशनऱ्यांना वादात हरवावे म्हणून गेला, आणि १८४८ मध्ये जौनपुरास बाप्तिस्मा घेऊन नेहेम्या झाला; परंतु तेवढ्याने त्याची तळमळ शमली नाही. ज्या साध्या, प्रवचनप्रधान अँग्लिकन परंपरेत तो प्रथम आला, तिच्यातून पुढे वळत वळत तो त्याच चर्चच्या उच्चमार्गी, व्रतस्थ अशा काउलीच्या संघाजवळ येऊन पोहोचला, १८७० मध्ये धर्मगुरू झाला, आणि तरीही संशयाने अखेरपर्यंत त्याची पाठ सोडली नाही. उपवास, रात्रीच्या प्रार्थना, पुन्हा संशय, पुन्हा ग्रंथांची उलथापालथ, असे ते आयुष्य होते. याच गोऱ्ह्यांनी पुण्यास एका तरुण विधवेशी धर्मचर्चा केली आणि ती विलायतेस गेल्यावर तिला जे लिहून धाडले, त्याने आपले मन वळवले, असे ती विधवा पुढे कृतज्ञतेने सांगत असे.

ती विधवा म्हणजे पंडिता रमाबाई. अनंतशास्त्री डोंगऱ्यांची ही कन्या १८५८ साली जन्मली आणि पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडणाऱ्या कुटुंबात वाढली. त्या कुटुंबाने दान, उपोषण, अनुष्ठान, नवस यांपैकी देवाजवळ मागण्याची एकही रीत बाकी ठेवली नव्हती, आणि शेवटी दुष्काळात आईबाप व बहीण अन्नावाचून गेली तेव्हा त्या मागण्यांना आलेले उत्तर तिने डोळ्यांनी पाहिले होते. पुढे कलकत्त्यास पंडिता व सरस्वती या पदव्या, बिपिनबिहारींशी विवाह, दोन वर्षांच्या आत वैधव्य, पुण्यास आर्य महिला समाज, हे सर्वश्रुत आहे. १८८३ च्या वसंतात, वैद्यक शिकावे या हेतूने, आपल्या 'स्त्रीधर्मनीति' या पुस्तकाच्या विक्रीचे पैसे गाठीला बांधून ती इंग्लंडला निघाली तेव्हा आपण ख्रिस्ती होणार नाही असे तिने स्नेह्यांना सांगितले होते. आणि त्याच वर्षी २९ सप्टेंबरला वाँटेज येथील अँग्लिकन भगिनींच्या मठात तिने आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, बाप्तिस्मा घेतला. कानांना कमी ऐकू येई म्हणून वैद्यक मात्र राहून गेले.

वाँटेजच्या भगिनींची समजूत साहजिकच अशी की, आपल्या मठात बाप्तिस्मा घेतला ती आपल्या चर्चची झाली. रमाबाईंची समजूत निराळी होती, आणि ती त्यांनी चेल्टनहॅमच्या महिला महाविद्यालयात असताना भगिनी जेराल्डिन व प्राचार्या डोरोथिया बील यांना पत्रांमागून पत्रे लिहून अशा रीतीने मांडली की, वाचताना एखाद्या जुन्या शास्त्रार्थसभेची आठवण व्हावी. ख्रिस्ताच्या विश्वव्यापी मंडळीत आपण बाप्तिस्म्याने आलो. इंग्लंडच्या चर्चची प्रत्येक आज्ञा पाळण्याचा करार आपण केलेला नाही. त्रैक्याचे मत आणि अथनेशियसच्या नावाने चालणारा विश्वासांगीकार ही शास्त्रवचनातून निघतात काय, हे दाखवा; धर्माध्यक्ष म्हणतात हे प्रमाण पुरेसे नाही, कारण असे प्रमाण मानायचे असते तर ब्राह्मणांना सोडण्याचे प्रयोजनच काय होते? लॅटिन अक्षरे कोरलेला क्रूस गळ्यात घालण्याचा प्रश्न निघाला तेव्हा, लॅटिनमध्ये संस्कृताहून अधिक पवित्र असे काय आहे, असा त्यांनी उलट सवाल केला. मुंबईचे आणि लाहोरचे बिशप, ही बाई पुरुष विद्यार्थ्यांना शिकवू लागली तर हिंदुस्थानात तिची अब्रू राहणार नाही, असा सल्ला द्यावयास पुढे झाले, तेव्हा त्याही सल्ल्याची त्यांनी चांगलीच वासलात लावली. भगिनी जेराल्डिनना या साऱ्यात ब्राह्मणी अहंकार दिसला. तो थोडाफार होताही, असे मला वाटते. पण मीमांसा शिकलेल्या घरात प्रमाण विचारणे हा अहंकार समजला जात नाही, ती शिस्त समजली जाते, हे त्या सालस भगिनीला कोणी सांगितले नसावे.

पंथांच्या या गर्दीला रमाबाईंनी पुढे आपल्या साक्षीत बाबेलच्या गलबल्याची उपमा दिली. हाय चर्च, लो चर्च, बॅप्टिस्ट, मेथॉडिस्ट, क्वेकर, युनिटेरियन, प्रत्येकजण आपल्या दाराशी उभा राहून हाक मारीत आहे, आणि ऐकणारी आधीच कानांनी अधू. १८८६ मध्ये त्या अमेरिकेस गेल्या तो तेथे गलबला दुप्पट. मात्र तेथे सरकारी चर्च नाही आणि प्रत्येक मंडळी स्वतःच्या वर्गणीवर उभी आहे, हे त्यांना फार आवडले, आणि अमेरिकेच्या लोकस्थितीवर १८८९ मध्ये त्यांनी जे मराठी पुस्तक छापले त्यात तेथील धर्मपंथांसाठी त्यांनी स्वतंत्र जागा राखली. याच देशात, न्यूयॉर्क राज्यातल्या पालमायरा गावाजवळ, १८२० साली जोसेफ स्मिथ नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाने, सगळ्या पंथांत खरा कोणता हे देवाला विचारण्यासाठी रानात जाऊन गुडघे टेकले होते, असे त्याचे स्वतःचे कथन आहे. एकातही जाऊ नकोस, असे उत्तर आल्याचे तो सांगे, आणि १८३० मध्ये त्याने स्वतःचे एक नवे चर्च काढून पंथांच्या यादीत आणखी एकाची भर घातली.

रमाबाईंनी तसे केले नाही, आणि मला त्यांचे मोठेपण येथे दिसते. १८८९ मध्ये मुंबईस विधवांसाठी त्यांचे शारदासदन निघाले, ते पुढल्या वर्षी पुण्यास आले, १८९३ मध्ये मुली बाईंच्या प्रार्थनेस बसतात म्हणून रानडे, भांडारकर यांनी सल्लागारपण सोडले, या सगळ्या धामधुमीत त्यांच्या स्वतःच्या अंतःकरणात एक निराळीच उलथापालथ चालली होती. १८९१ च्या सुमारास हॅस्लम नावाच्या एका इंग्रज धर्मोपदेशकाचे आत्मवृत्त त्यांच्या वाचनात आले. हा गृहस्थ अनेक वर्षे चर्चची सेवा करून शेवटी स्वतःच्याच प्रवचनाने ख्रिस्ताला शरण गेलेला. ते वाचून बाईंना असे उमगले की, आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडलेला नाही. बाप्तिस्म्याला त्या वेळी आठ वर्षे झाली होती! त्यानंतर मंडळी कोणती, हा प्रश्न त्यांनी सोडवला नाही, तो त्यांच्याकडून गळून पडला.

गुजरात-मध्यप्रांताच्या दुष्काळांतून आणलेल्या शेकडो मुलींसाठी केडगावास मुक्तिसदन उभे राहिले, तेथे प्रार्थनामंदिर बांधले गेले, पण ते कोणत्याही पंथाच्या वहीत नोंदवले गेले नाही. निरनिराळ्या मंडळ्यांचे स्त्रीपुरुष तेथे कामास येत. १९०५ च्या जूनअखेर त्या मंदिरात मुलींची ती प्रसिद्ध सामुदायिक प्रार्थना सुरू झाली, शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने रडत, पश्चात्ताप करीत, देवाचा धावा करीत; आपल्या वारकऱ्यांच्या गजरात वाढलेल्या कानाला हे ओळखीचे वाटले असते, पण शिस्तीच्या मिशनऱ्यांना ते चमत्कारिक वाटले. मिनी एब्रम्स या मेथॉडिस्ट बाईंनी केडगावच्या त्या घटनांवर लिहिलेली लहान पुस्तिका दक्षिण अमेरिकेत चिलीतल्या एका मैत्रिणीच्या हाती पडली, आणि तेथे १९०९ मध्ये जी नवी मंडळी उदयास आली तिचा एक धागा दौंडजवळच्या या माळरानाशी जाऊन भिडतो.

महाराष्ट्रात पंथांपलीकडच्या या वाटेने पुढे चालणारा एकच मोठा मनुष्य मला दिसतो, तो म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक. १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेऊन अमेरिकन मिशनच्या सेवेत बावीस वर्षे काढल्यावर त्यांनी १९१७ मध्ये मिशनचा राजीनामा दिला आणि साताऱ्यास देवाचा दरबार स्थापला. ज्यांचा बाप्तिस्मा झाला आहे तेही तेथे यावेत आणि ज्यांचा झाला नाही तेही. दरबार हा शब्द कवीने हेतुपूर्वक निवडला असणार. पण दोनच वर्षांत टिळक गेले आणि दरबारही विस्कटला.

रमाबाई मात्र अखेरपर्यंत काम करीत राहिल्या. हिब्रू आणि ग्रीक शिकून, संस्कृताचा भार उतरवून, केडगावच्या मुलींना समजेल अशा सोप्या मराठीत त्यांनी एकहाती सबंध बायबल उतरवले, मुलींच्याच हातांनी खिळे जुळवून ते छापवले, आणि १९२२ च्या ५ एप्रिलला त्या निवर्तल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर पडला. ज्या इंग्लंडच्या चर्चची आज्ञा मानण्याचा करार आपण केला नाही असे त्यांनी पंचविशीत खडसावून सांगितले होते, त्याच चर्चने आपल्या पुण्यतिथींच्या पंचांगात ३० एप्रिल हा दिवस 'पंडिता मेरी रमाबाई, शास्त्राच्या भाषांतरकर्त्या' या नावाने नोंदवून ठेवला आहे.