नमस्कार मंडळी! शहरात नवीन चर्च सुरू होतं तेव्हा

नमस्कार मंडळी!

दर भागाची सुरुवात मी याच दोन शब्दांनी करतो. आज त्यातल्या दुसऱ्या शब्दापासूनच सुरू करू. मराठी ख्रिस्ती घरांत 'मंडळी' या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. मंडळी म्हणजे चर्च. इमारत नाही हं, माणसं. मराठी बायबलमध्येही हाच शब्द आहे. चार लोक देवाच्या नावानं एकत्र जमले आणि त्यांनी ठरवलं की आपण एकमेकांचे, की झाली मंडळी. इमारत नंतर बघू.

आजचा भाग इतिहासाचा आहे, पण कारण अगदी घरचं आहे. मी यवतमाळ जिल्ह्यातला, बीटेक करून पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आलो, हे तुम्हाला माहीतच आहे. गेले सात महिने दर रविवारी आम्ही वीस-बावीस जण वाकडला एका मित्राच्या फ्लॅटमध्ये उपासनेला जमतो. मित्र अमरावतीकडचा, घराणं बॅप्टिस्ट. बाकी कुणी नगरचं, कुणी जालन्याचं, आणि मी यवतमाळचा. मागच्या महिन्यात सोसायटीची नोटीस आली: रविवारी गाणी बंद. त्यांचंही बरोबर आहे, भिंती पातळ आहेत. म्हणजे आता हॉल भाड्यानं घ्यायचा. हॉल घेतला की बोर्ड लागणार, बोर्ड लागला की नाव लागणार, आणि नावाबरोबर प्रश्न आला: उपासना कुठल्या भाषेत? मराठीत, हिंदीत, की इंग्रजीत? पुढच्या रविवारी मतदान आहे. बॅप्टिस्ट पद्धतच तशी आहे.

मतदानाआधी थोडा गृहपाठ करावा म्हटलं. तोच तुमच्यासमोर मांडतो.

आधी बॅप्टिस्ट म्हणजे काय ते बघू. दोन गोष्टी लक्षात ठेवा. एक, बाप्तिस्मा लहान बाळाला देत नाहीत. कळत्या वयात स्वतः विश्वास कबूल करणाऱ्यालाच देतात, आणि तोही पाण्यात पूर्ण बुडवून. दोन, प्रत्येक मंडळी आपला कारभार आपणच बघते. वर बिशप नाही. पाळक कोण, पैसा कुठे खर्च करायचा, हे सभासद ठरवतात. आमच्या भाषेत सांगायचं तर प्रत्येकाचा सर्व्हर वेगळा, सेंट्रल ॲडमिन कोणीच नाही. त्यामुळे नवीन मंडळी सुरू करायला मूठभर माणसं पुरतात, आणि ती बंद पडायलाही तेवढीच पुरतात.

इंग्लंडमधली पहिली बॅप्टिस्ट मंडळी १६१२ साली सुरू झाली, तीसुद्धा वाढत्या शहराच्या कडेलाच. लंडन तेव्हा फुगत होतं, गावाकडची माणसं येऊन थडकत होती. शहराच्या तटाबाहेर स्पिटलफील्ड्स नावाच्या वस्तीत थॉमस हेल्विसनं मूठभर लोक जमवले. त्यानं एक पुस्तकही लिहिलं. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: माणूस ख्रिस्ती असो, यहुदी असो की मुसलमान, त्याच्या श्रद्धेवर राजाचा हुकूम चालत नाही. राजानं त्याला न्यूगेटच्या तुरुंगात टाकलं. १६१६च्या सुमारास तो तिथंच वारला. मंडळी मात्र टिकली.

आता आपल्याकडे येऊ. मराठीशी नाव जोडलेला पहिला मोठा बॅप्टिस्ट माणूस मुंबईत नव्हता, पुण्यातही नव्हता. तो होता बंगालमध्ये. विल्यम कॅरी, मूळचा इंग्लंडमधला चांभार, १७९३ साली भारतात आला. कंपनी सरकारला मिशनरी नको होते, म्हणून १८०० साली त्यानं कलकत्त्याजवळ श्रीरामपूर गाठलं. ते गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होतं. पुढे तो फोर्ट विल्यम कॉलेजात मराठीही शिकवायला लागला. १८०५ साली त्याचं मराठी व्याकरण छापून निघालं, १८१० साली मराठी कोश आणि १८११ साली नवा करार. म्हणजे मराठीचं छापील व्याकरण आलं बंगालमधून! आणि हे त्यानं एकट्यानं केलेलं नाही. पंडित वैजनाथ हे त्याचे मराठीचे जाणकार होते. त्यांचं नाव आपल्याला शाळेत कुणी सांगत नाही. कॅरीचं तंत्र सरळ होतं: आधी माणसांची भाषा, मग बाकी सगळं.

मुंबईची गोष्ट तर सिनेमासारखी आहे. १८१२ साली अमेरिकेतून काही तरुण मिशनरी जहाजानं निघाले. ते बॅप्टिस्ट नव्हते, लहान बाळांना बाप्तिस्मा देणाऱ्या पंथाचे होते. त्यांतल्या अडोनिराम जडसननं विचार केला, की कलकत्त्यात आपली गाठ कॅरीच्या माणसांशी पडणार, वाद होणार, तर मुद्दे तयार ठेवू. म्हणून प्रवासात त्यानं बायबल उघडून अभ्यास केला, आणि अभ्यास करता करता त्यालाच समोरच्यांचं पटलं! सप्टेंबर १८१२मध्ये कलकत्त्यात त्यानं बुडवून बाप्तिस्मा घेतला. पुढे तो ब्रह्मदेशात गेला. त्याचा सोबती ल्यूथर राइसही काही आठवड्यांनी बॅप्टिस्ट झाला.

त्याच गटातले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट मात्र आपल्या मतावर राहिले आणि फेब्रुवारी १८१३मध्ये मुंबईत उतरले. कंपनीचा हुकूम होता, यांना परत पाठवा. दोघं गुपचूप जहाजात बसून निसटले, कोचीनला पकडले गेले, पुन्हा मुंबईत आणले गेले. गव्हर्नर सर इव्हान नेपियन यांनी थोडं सबुरीनं घेतलं, आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या संसदेनं सनदेत बदल करून मिशनऱ्यांना वाट मोकळी केली. अमेरिकन मराठी मिशन सुरू झालं ते असं.

मुंबई तेव्हाही वाढतं शहर होती. कोकणातून, घाटावरून, गुजरातेतून लोक येत होते. हॉलनं भाषा निवडली मराठी. रस्त्यात, बाजारात, देवळाबाहेर उभं राहून तो मराठीत बोलायचा. १८१५ साली मिशनची मराठी शाळा सुरू झाली, १८२४ साली मुलींची. मिशनच्या छापखान्यात मराठी छपाई सुरू झाली. पुढे निर्णयसागर काढणारे जावजी दादाजी लहान वयात याच छापखान्यात कामाला होते. पण मंडळी? ती वाढेना. वर्षानुवर्षं लोक ऐकायचे, वाद घालायचे आणि घरी जायचे. १८२६ साली नाशिकहून परतताना हॉल पटकीनं वारला. तेरा वर्षं काम, आणि हिशेबाला माणसं जवळपास नाहीतच.

आमच्या डेली स्टँडअपमध्ये असा रिपोर्ट दिला असता तर प्रोजेक्ट त्याच दिवशी बंद झाला असता. पण ते लोक थांबले नाहीत. १८३१ साली ते नगरला गेले. तिथं, आणि पुढे आसपासच्या खेड्यांत, मंडळ्या उभ्या राहिल्या. नंतर त्याच खेड्यांतली माणसं पोटासाठी मुंबईला आली आणि आपली मराठी उपासना सोबत घेऊन आली. शहरात उपदेशानं जे झालं नव्हतं, ते गावाकडून आलेल्या माणसांनी केलं.

इथं ना. वा. टिळकांचं नाव घ्यायलाच हवं. लक्ष्मीबाईंची 'स्मृतिचित्रे' तुम्ही शाळेत थोडी तरी वाचली असतील. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ साली मुंबईत झाला. त्यांना खटकायचं ते हे, की मराठी माणूस ख्रिस्ती झाला की तो परक्या चालीवर का गातो? त्यांनी अभंग लिहिले, भजनं लिहिली, ख्रिस्ती कीर्तन रंगवलं. १९१७ साली मिशनची नोकरी सोडून साताऱ्यात त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, दोघांनाही तिथं जागा होती. दोन वर्षांत, १९१९ साली, टिळक गेले आणि दरबार फार टिकला नाही. त्यांची गाणी मात्र आमच्या वाकडच्या फ्लॅटमध्ये अजून म्हटली जातात. नोटीस आली ती त्यांच्यावरच!

आता यवतमाळ. अर्नेस्ट आणि फीबी वॉर्ड हे अमेरिकन जोडपं १८८१ साली भारतात आलं, आधी बऱ्हाणपूरला राहिलं. त्यांच्या फ्री मेथडिस्ट मिशननं पुढे यवतमाळला ठाणं केलं. शाळा काढली, मराठी पाळक तयार करायला बायबल शाळा काढली. १९५३ साली त्यातूनच युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी राहिली. नावातला 'युनियन' शब्द बघा. वेगवेगळ्या पंथांनी मिळून चालवलेली संस्था. शिक्षण इंग्रजीत. देशभरातून मुलं यवतमाळला यायला लागली, केरळातून, ईशान्येतून. नागालँडमध्ये तर बहुसंख्य लोक बॅप्टिस्ट आहेत. विचार करा, धामणगावला उतरून मोटारीनं नाहीतर मूर्तिजापूरहून शकुंतलेत बसून, दोन-तीन हजार किलोमीटरवरचा मुलगा कापसाच्या या गावात पोचायचा!

माझ्या आजोबांचं सायकलचं दुकान होतं. ही मुलं तिथं पंक्चर काढायला यायची. आजोबा इंग्रजी शून्य, मुलं मराठी शून्य. आजोबा म्हणायचे, "काऊन रे बाप्पा, पंचर हाय का?" आणि मुलगा चाकाकडे बोट दाखवायचा. महिन्याभरात तोच मुलगा दुकानात येऊन म्हणायचा, "काका, पंचर हाय." आजोबांना याचा कोण अभिमान! माया दुकानात मराठी शिकते, म्हणायचे.

१९८३ साली सेमिनरी पुण्याला, बिबवेवाडीला गेली. नकाशा बघितला तर कारण समजायला वेळ लागत नाही. रेल्वे, विमानतळ, विद्यापीठ आणि वाढतं शहर, सगळं पुण्यात. आज ती देशातल्या मोठ्या सेमिनऱ्यांपैकी एक आहे, आणि श्रीरामपूरच्या विद्यापीठाशी जोडलेली आहे, म्हणजे कॅरी आणि त्याच्या सोबत्यांनी १८१८ साली काढलेल्या कॉलेजाशी. आजोबांचं गिऱ्हाईक कमी झालं, एवढंच ते बोलायचे. रागावलेले नव्हते. पण रविवारी संध्याकाळी दुकान लवकर बंद करायला लागले.

मीही तोच रस्ता धरला. सेमिनरी गेली, मी गेलो, माझ्या वर्गातले निम्मे गेले. पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या २००१ साली सुमारे १० लाख होती, २०११ साली ती १७ लाखांवर गेली. ही वाढलेली माणसं आली कुठून? आमच्यासारख्या गावांतून. यवतमाळ शहर २०११ साली १ लाख १६ हजारांच्या आसपास होतं.

आता आमच्या मतदानाकडे या. गटातल्या एका ताईंचं म्हणणं असं: "मराठी ठेवलंत तर माझी मुलं दहा वर्षांनी यायची बंद होतील. ती शाळेत इंग्रजी बोलतात आणि खाली खेळताना हिंदी." हे खोटं नाही. आणि यवतमाळच्या सेमिनरीनं इंग्रजी घेतली म्हणूनच ती देशभर पोचली, हेही खरं. इंग्रजीला शिव्या देऊन उपयोग नाही.

पण गृहपाठ करून मला एक गोष्ट दिसली. महाराष्ट्रात २०११च्या जनगणनेत ख्रिस्ती लोक सुमारे १० लाख ८० हजार, म्हणजे एक टक्क्याच्या आत. त्यातही मराठीत प्रार्थना करणारे आणखी कमी. पुण्यात इंग्रजी उपासना शोधायला मला पाच मिनिटं लागतात. पण सिक्युरिटीत नाईट ड्युटी करून सकाळी थेट येणारा आमच्या गटातला जालन्याचा काका, किंवा नातवाला सांभाळायला गावाहून आलेली आजी, यांनी कुठं जायचं? ते गुडघ्यावर बसतात तेव्हा मराठीतच बोलतात. हॉल तेरा वर्षं ज्या भाषेत बोलत राहिला, ती या लोकांची होती. ती आता आम्ही हॉलचं भाडं भरताना सोडून द्यायची?

म्हणून मी प्रस्ताव मांडणार आहे: मुख्य उपासना मराठीत, आणि मुलांचा वर्ग दोन भाषांत. गोष्ट इंग्रजीत, गाणं मराठीत. तो वर्ग दर रविवारी मी घेईन. नुसतं मत देऊन मोकळं व्हायचं नाही.

आणखी एक. माझा बाप्तिस्मा बाळपणी झालाय. बॅप्टिस्ट मंडळीत सभासद व्हायचं तर मला पुन्हा पाण्यात उतरावं लागेल, आणि तोवर मला मतच नाही! मी प्रस्ताव मांडू शकतो, हात वर करू शकत नाही. जडसननं जहाजात चार महिने विचार केला होता. मी रोज वाकड ते हिंजवडी ट्रॅफिकमध्ये करतोय. आईला फोनवर सांगितलं, तर ती म्हणाली, "कर विचार. पण देवानं पहिल्या वेळी ऐकलं नाही असं म्हणू नको." यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.

निकाल काय लागला ते पुढच्या भागाच्या सुरुवातीला सांगतो. तुमच्या घरचं कुणी गावाहून शहरात येताना एखादी मंडळी, भजनी मंडळ, दिंडी, काहीही सोबत घेऊन आलं असेल, तर एक मिनिटाची व्हॉइस नोट पाठवा. मराठीतच पाठवा, वऱ्हाडी असेल तर सोन्याहून पिवळं.

भेटू पुढच्या गुरुवारी. काळजी घ्या, मंडळी.