बतावणीची कुळकथा

तमाशात आधी गण, मग गौळण, शेवटी वग. वगाला तोंड फुटण्याआधी दोन माणसं उभी राहून नुसती बोलतात, ती बतावणी. एक सरदार, दुसरा सोंगाड्या. सरदार दरडावतो, "हाक मारली की ओ द्यायला काय होतं रं तुला?" सोंगाड्या म्हणतो, "ओ मी द्यायची, पहारा मी द्यायचा, येळ पडली तर जीव बी मीच द्यायचा. आन् पगाराचं इचारलं की तुम्ही देता ती तारीख!" ढोलकीवर थाप पडते, तुणतुणेवाला "मग?" म्हणून आणखी काडी टाकतो.

हे कागदावर नसतं. मुरलेला सोंगाड्या गावात शिरला की आधी पारावर बसतो. पाटील कोण, बांधाचं भांडण कुणाचं, विहिरीचं पाणी कुणी अडवलंय, सगळं काढून घेतो आणि रात्री तेच टवाळीत आणतो. ज्याची टर उडते तोही पुढच्या रांगेत बसून हसतो. न हसणं त्याला जास्त महागात पडतं.

या कुळाचा मूळपुरुष एक नाही. एकनाथांच्या भारुडांत सोंग घेऊन चिमटा काढायची रीत आहेच. पेशवाईत फड बहरले तेव्हाचे शाहीर नावानिशी लक्षात राहिले. आपल्या सिन्नर तालुक्यातल्या बावीचा परशराम त्यातलाच. या शाहिरांच्या लावण्या उतरवून घेतल्या गेल्या. सोंगाड्यांची नावं मात्र क्वचितच कुणी टिपली. चालू घडीचा विनोद दुसऱ्या दिवशी शिळा होतो, तो कोण जपणार?

पण याच शिळ्या होणाऱ्या गोष्टीची ताकद जोतीराव फुल्यांनी ओळखली. 1855च्या 'तृतीय रत्न' या नाटकात त्यांनी एक विदूषक उभा केला. जोशी कुणब्याला नाडत असतो आणि हा मध्ये मध्ये तोंड घालून त्याचं बिंग फोडत राहतो. पुढे त्यांच्या सत्यशोधक समाजानं तमाशाचाच साचा घेऊन जलसे उभे केले.

नाशिक जिल्ह्यानं या कुळाला जे वळण दिलं, ते मला सगळ्यात मोलाचं वाटतं. 2 मार्च 1930 रोजी काळाराम मंदिर प्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि वर्षानुवर्षं चालला. त्याच काळात कसबे सुकेण्याचे भीमराव कर्डक जलसा घेऊन वस्त्यावस्त्यांत फिरू लागले. आंबेडकरी जलशानं तमाशातलं पुष्कळ काही काढून टाकलं. कृष्ण-गवळणींची छेडछाड गेली, नाचणारी बाई गेली. राहिली ती दोघांची जुगलबंदी: एकानं रूढीची बाजू धरायची, दुसऱ्यानं प्रश्न विचारून तिची दांडी उडवायची. सभेत ज्याला भाषण जड जाई, त्याला हे लगेच कळे. बाबासाहेबांनीही कर्डकांच्या एका जलशाला आपल्या दहा सभांच्या तोलाचं मानलं, असं सांगतात. हे सगळं विरून जाऊ नये म्हणून कर्डकांनीच 1978 साली 'आंबेडकरी जलसे' हे पुस्तक लिहिलं. बतावणीच्या कुळात स्वतःचा इतिहास लिहिणारे इतके थोडे, की या पुस्तकाची किंमत त्यानंच वाढते.

शहरी रंगभूमीवर बतावणी गाजली ती 1965च्या 'विच्छा माझी पुरी करा' या लोकनाट्यातून. वसंत सबनिसांची संहिता होती. दादा कोंडके हवालदार होऊन तीत त्या दिवसाच्या बातम्या घुसडत. आजच्या दूरचित्रवाणीवरच्या विनोदी जोड्या सरदार-सोंगाड्यांच्याच वारसदार, फक्त पुढच्या रांगेतल्या पाटलाऐवजी त्या बहुधा एकमेकांचीच थट्टा करतात. तेवढं धाडस कमी झालंय.

रात्री दहाला भोंगा बंद करायचा नियम आल्यापासून फडांची घाई झाली आहे. पब्लिकला गाणी हवीत, त्यामुळे कात्री लागते ती गण-गौळण आणि बतावणीला. तुमच्या गावच्या जत्रेत यंदा फड उतरला, तर गाण्यांच्या वेळेला जाऊ नका. लवकर जा, पुढे बसा, आणि फोनवर रेकॉर्डिंग करायचंच असेल तर त्या दोघांचं बोलणं करा.