ऊसतोड, जुनाट कंबरदुखी आणि बदललेली चाल : विसरवाडी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना :
नवापूर तालुक्यातील विसरवाडी हे गाव धुळे-सुरत महामार्गावर वसले आहे. १ जुलै १९९८ रोजी नंदुरबार जिल्हा अस्तित्वात येण्यापूर्वी हा भाग धुळे, म्हणजेच पूर्वीच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यात मोडत असे. पावसाळी शेती संपली की या पट्ट्यातील अनेक आदिवासी कुटुंबे ऊसतोडीसाठी दक्षिण गुजरातेत जातात. मजुरी, उचल आणि मुकादम यांबरोबरच मजुराची कंबर व चाल हाही या स्थलांतराच्या इतिहासाचा भाग आहे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

श्रमाचे स्वरूप :
बारडोली परिसरातील खानदेशी ऊसतोड मजुरांचे जीवन यान ब्रेमन यांनी १९८५ च्या आपल्या ग्रंथात नोंदविले. दोघांचा मिळून एक 'कोयता' आणि टनावर मजुरी, ही तेथील पद्धत. उसाच्या बुडख्यात साखर अधिक असल्याने तोड जमिनीलगत करावी लागते. त्यामुळे कमरेतून वाकणे अटळ ठरते. त्यानंतर मोळी डोक्यावर घेऊन वाहनापर्यंत चालणे येते. वाकणे, उचलणे आणि ओझ्यासह चालणे हे चक्र महिनोन्‌महिने चालते.

वैद्यकीय विचाराचा प्रवास :
कंबरदुखी आणि चाल यांचा संबंध भारतीय परंपरेस अपरिचित नव्हता. चरकसंहितेत वर्णिलेल्या 'गृध्रसी' या व्याधीत वेदना कमरेपासून पायापर्यंत उतरते. रुग्ण गिधाडासारखा चालतो, अशी या नावाची रूढ उपपत्ती आहे. पाश्चात्त्य वैद्यकात मिक्स्टर व बार यांनी १९३४ मध्ये मणक्यांमधील चकतीकडे लक्ष वेधले आणि दीर्घकाळ दोष रचनेतच शोधला गेला. १९८६ मध्ये डेयो व सहकाऱ्यांनी सात दिवसांच्या अंथरुणातील विश्रांतीचा दोन दिवसांपेक्षा अधिक लाभ नसल्याचे दाखविले. १९८७ मध्ये वॉडेल यांनी शरीर, मन व समाज यांचा एकत्रित विचार मांडला.

चालीतील अनुकूलन :
निरोगी व्यक्ती वेगाने चालताना छाती व कटिभाग परस्परविरुद्ध दिशांना फिरतात. जुनाट कंबरदुखीत सामान्यतः वेग मंदावतो, हे दोन्ही भाग जवळजवळ एकत्रच फिरतात आणि पाठीचे स्नायू ताठर राहतात. वेदनेपासून बचाव करणारे हे अनुकूलन तात्पुरते उपयुक्त असले, तरी त्याची किंमत पुढे मोजावी लागू शकते, असे हॉजेस व टकर यांनी २०११ मध्ये प्रतिपादन केले. ताठरतेमुळे मणक्यांवरील भार वाढतो आणि हालचालीतील वैविध्य घटते.

समारोप :
२०२० मध्ये जगात सुमारे ६१.९ कोटी लोक कंबरदुखीने ग्रस्त होते. 'हालचाल चालू ठेवा, भार हळूहळू वाढवा' हा आजचा सल्ला शास्त्रीय आहे. परंतु भार किती व केव्हा उचलावा हे ठरविण्याचे स्वातंत्र्य त्यात गृहीत धरलेले आहे. उचल फेडण्यासाठी टनावर राबणाऱ्या मजुरास ते नाही. त्याची कंबर दुखते म्हणून मोळी हलकी होत नाही. बदलते ती केवळ त्याची चाल. म्हणून विसरवाडीसारख्या गावांतील कंबरदुखीचा प्रश्न व्यायामाच्या तक्त्याने सुटणारा नाही. मोळीचे वजन, वाहतुकीचे अंतर आणि उचलीची पद्धत यांचा विचार उपचाराचाच भाग मानावा लागेल.