मोळी आणि आंघोळ : ‘श्यामची आई’चे एक वाचन

‘श्यामची आई’ची कथा कोकणातली, पालगडची, परंतु ती सांगणारे साने गुरुजी खानदेशाचे झाले ते अमळनेरमुळे. 1924 ते 1930 या काळात ते तेथील प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. 1932 साली धुळ्याच्या कारागृहात विनोबांची गीताप्रवचने त्यांनीच लिहून घेतली. ‘श्यामची आई’ नाशिकच्या कारागृहात 1933 च्या फेब्रुवारीत लिहिली गेली आणि 1935 साली प्रसिद्ध झाली. त्याच वर्षी 13 ऑक्टोबरला येवल्यास बाबासाहेबांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, अशी घोषणा केली.

या समकालीनतेच्या प्रकाशात पुस्तकातील एक प्रसंग पाहावा. वृद्ध महार स्त्रीची मोळी खाली पडते. ती उचलून देण्यास कोणी धजत नाही. आई श्यामला सांगते की, मोळी तिच्या डोक्यावर दे आणि मग घरी येऊन आंघोळ कर. पिढ्यान्‌पिढ्या बालमनावर ठसली ती मोळी. आंघोळीची चर्चा क्वचितच होते, आणि आमच्या मुलांना तर तीच आधी दिसते!

पालि वाचकास येथे मातंग जातक आठवेल. चांडाल दृष्टीस पडताच दिट्ठमंगलिका सुगंधी जलाने डोळे धुते. परंतु त्या कथेत चांडाल मातंग हाच बोधिसत्त्व आहे. कथा त्याची आहे. श्यामच्या कथेत मोळीवाली केवळ करुणेचा विषय ठरते.

गुरुजी स्वतः त्या आंघोळीपाशी थांबले नाहीत, हेही नोंदविले पाहिजे. मे 1947 मध्ये पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून त्यांनी उपोषण केले. बाबासाहेबांनी मात्र मंदिरप्रवेशाचा मार्ग त्यापूर्वीच सोडला होता.