चहाची धार थिजते तेव्हा

किटलीतून कपात चहा ओतणे हे आपल्याला कौशल्याचे काम वाटत नाही. धार पडते, पातळी चढते आणि कप भरत आला की हात आपोआप थांबतो. म्युनिकमधील चाळिशी ओलांडलेल्या एका स्त्रीला मात्र १९७८ नंतर हे जमेनासे झाले. चहाची धार तिला हिमनदीसारखी थिजलेली दिसे. पातळी चढताना दिसतच नसल्याने थांबायचे कधी, ते कळत नसे. खोलीत दोनाहून जास्त माणसे वावरू लागली की ती अस्वस्थ होऊन बाहेर जाई. माणूस आत्ता इथे असे आणि पुढच्या क्षणी तिथे. मधले चालणे तिच्यासाठी घडतच नसे. रस्ता ओलांडणे तर जिवावरचे काम. गाडी लांब आहे म्हणून निघावे, तोच ती अंगावर आलेली असे.

गंमत अशी, की तिचे डोळे उत्तम होते. ती वाचू शकत होती, रंग ओळखत होती, वस्तूंचे आकार तिला नीट कळत होते. कानाने किंवा स्पर्शाने कळणारी हालचालही तिला समजत होती. हरवली होती ती फक्त दिसणारी गती. मेंदूवरील एका मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी झाल्याने मेंदूच्या मागच्या भागात, दोन्ही बाजूंना इजा झाली होती. योझेफ त्सिल आणि सहकाऱ्यांनी तिची तपशीलवार तपासणी करून १९८३ मध्ये ‘ब्रेन’ या नियतकालिकात निबंध लिहिला.

याच नियतकालिकात, ६६ वर्षांपूर्वी, गती हे दृष्टीचे एक वेगळे अंग असल्याचे निरीक्षण छापून आले होते. ते मागे का पडले, ही कथा विज्ञान शिकवणाऱ्यांनी मुद्दाम वाचावी अशी आहे.

ती सुरू होते युद्धात. १९०४–०५ च्या रशिया-जपान युद्धात लहान व्यासाच्या, अतिवेगवान गोळ्या वापरल्या गेल्या. अशी गोळी डोक्यातून आरपार गेली तरी पुष्कळदा सैनिक वाचत असे आणि त्याच्या मेंदूत एक बारीक बोगदा तेवढा उरत असे. तात्सुजी इनोये या जपानी नेत्रतज्ज्ञाने अशा सैनिकांना नेमके कुठले दिसत नाही ते मोजले, गोळीचा मार्ग काढला आणि १९०९ मध्ये दाखवून दिले, की डोळ्यासमोरच्या दृश्याचा एक नकाशाच डोक्याच्या मागच्या बाजूला, मेंदूच्या बाह्यकावर उमटलेला असतो. पहिल्या महायुद्धात गॉर्डन होम्स या ब्रिटिश मेंदूतज्ज्ञाने फ्रान्समधील लष्करी रुग्णालयात हेच काम मोठ्या प्रमाणावर केले. आजही या नकाशाचे श्रेय प्रामुख्याने त्याला मिळते, आणि ते योग्यच आहे.

लंडनमध्ये जॉर्ज रिडॉक हा तरुण लष्करी डॉक्टर अशाच जखमींची तपासणी करत होता. नकाशाचा एखादा भाग नष्ट झाला, की दृश्याचा तेवढा भाग आंधळा होतो. त्या आंधळ्या भागात स्थिर वस्तू धरली तर सैनिक म्हणत, काही नाही. तीच वस्तू हलवली, की काहींना ‘काहीतरी हलले’ असे जाणवे. त्या हलणाऱ्या गोष्टीला आकार नसे आणि रंगही नसे. फार तर करडी सावली. जखम भरत आली की सर्वांत आधी परते ती गतीची जाण. रिडॉकने १९१७ मध्ये निष्कर्ष काढला, की गतीची संवेदना आकाराच्या संवेदनेपासून वेगळी आहे.

होम्सला हे पटले नाही. १९१८ मध्ये त्याने लिहिले, की आपल्या रुग्णांत असा फरक आढळला नाही. त्याच्या बाजूने विचार केला तर हे समजण्यासारखे आहे. मेंदूत दृश्याचा एकच नकाशा असेल तर त्यातला तुकडा गेल्यावर त्या जागचे सगळेच जायला हवे. गती तेवढी उरेल कशी? नकाशा बिनचूक होता. चूक होती ती ‘एकच’ या शब्दात. पण होम्सचा दबदबा मोठा होता आणि रिडॉकजवळ आपले निरीक्षण सोडून दाखवायला काही नव्हते. ते बाजूला पडले ते पडलेच.

‘एकच’ हा शब्द माकडांनी खोडून काढला. १९७१ च्या सुमारास अमेरिकेत जॉन ऑल्मन व जॉन कास यांना, तसेच लंडनमध्ये सेमिर झेकी यांना माकडांच्या मेंदूत पहिल्या नकाशाच्या बरेच बाहेर एक छोटा भाग सापडला. तेथील पेशींत सूक्ष्म इलेक्ट्रोड घालून पाहिले तर जवळजवळ प्रत्येक पेशी हालचालीलाच प्रतिसाद देत होती, तीही ठरावीक दिशेच्या. एखादी पेशी डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या ठिपक्याला दाद देई. तो उलट फिरला की गप्प. ठिपका लाल की हिरवा, याच्याशी तिला कर्तव्य नसे. या भागाला झेकींनी व्ही-५ म्हटले. १९९१ मध्ये माणसाच्या मेंदूतही रक्तप्रवाहाच्या चित्रणातून तो दाखवता आला. म्युनिकच्या स्त्रीची इजा त्याच भागात होती. १९९३ मध्ये तर पहिला नकाशा एका बाजूला नष्ट झालेल्या रुग्णाच्या आंधळ्या भागात ठिपके हलवले असता त्याला ते जाणवले, आणि त्या वेळी व्ही-५ जागा झालेला दिसला. रिडॉकचे सैनिक खरेच सांगत होते.

पण गतीसाठी वेगळा भाग हवाच कशाला? याचे उत्तर वर्गात देता येते. जाड पुठ्ठ्याला रुपयाएवढे गोल भोक पाडा. मागे रेघी वही तिरकी धरा, रेघा डाव्या खालच्या कोपऱ्यातून उजव्या वरच्या कोपऱ्याकडे जातील अशी. भोकातून फक्त रेघा दिसायला हव्यात. आता कोन न बदलता वही उजवीकडे सरकवा. मग तशीच खाली सरकवा. भोकातून पाहणाऱ्या मुलांना दोन्ही वेळा रेघा एकाच दिशेने, रेघांशी काटकोनात सरकताना दिसतील. वही प्रत्यक्षात कुठे चालली आहे हे भोकातून कळणे अशक्यच आहे. (मुले वाद घालतील. घालू द्यावा, मग पुठ्ठा काढावा.)

पहिल्या नकाशातील प्रत्येक पेशी अशाच एका भोकातून जग पाहते. १९८५ मध्ये अँथनी मॉव्हशन, एडवर्ड एडल्सन आणि सहकाऱ्यांनी माकडांना एकमेकींना छेदणाऱ्या तिरक्या पट्ट्यांच्या दोन जाळ्या सरकवून दाखवल्या. आपल्याला त्या मिळून एकच विणलेली चौकट एका दिशेने सरकताना दिसते. पहिल्या नकाशातील पेशी सुट्या पट्ट्यांच्या दिशा सांगत राहिल्या. व्ही-५ मधील काही पेशींनी मात्र पूर्ण चौकटीची दिशा सांगितली. भोकाभोकांतले अर्धवट अहवाल एकत्र करून निकाल देण्याचे काम इथे होते.

इथे सगळे जुळले असे वाटते, आणि नेमकी इथेच एक अडचण उभी राहते. स्वीडनमधील उपसाला येथे गुन्नार योहान्सन यांनी माणसाच्या सांध्यांवर दहा-बारा दिवे लावून त्याला अंधारात चालायला लावले होते. १९७३ च्या त्यांच्या निबंधात याचे वर्णन आहे. माणूस स्थिर असताना ते नुसते विखुरलेले ठिपके वाटतात. पाऊल उचलताच ‘माणूस चालतोय’ हे लगेच ओळखू येते. ठिपक्यांत आकार नसतोच, माणूस जो दिसतो तो केवळ गतीतून. मग गती न दिसणाऱ्या म्युनिकच्या स्त्रीला हे ठिपके दाखवले तर? ते दाखवले गेले. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात ठिपक्यांचा माणूस काय करतो आहे हे ती सांगू शकली. त्यांत आणखी काही ठिपके मिसळले की मात्र तिला ते ओळखता येईना.

म्हणजे देहाची हालचाल ओळखण्याची आणखी एखादी वाट मेंदूत असली पाहिजे. माकडांच्या मेंदूत, कानाच्या वरच्या बाजूच्या एका खाचेत, चालत्या माणसाला प्रतिसाद देणाऱ्या पेशी डेव्हिड पेरेट आणि सहकाऱ्यांना १९८५ मध्येच सापडल्या होत्या. मात्र त्या स्त्रीच्या बाबतीत कोणती वाट उपयोगी पडली, यावर एकमत झालेले नाही.

तिने स्वतःची एक वाट मात्र शोधली होती. रस्त्याच्या कडेला उभी राहून ती येणाऱ्या गाडीचा आवाज ऐके. आवाज वाढत गेला की गाडी जवळ येते आहे हे तिला समजे.