श्येनाचे पीस

गरुड म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे येतो तो देवळात विष्णूसमोर हात जोडून बसलेला सेवक. ही मूर्ती इतकी ओळखीची झाली आहे की तिच्यामागे एक अधिक जुना व स्वतंत्र पक्षी उभा आहे, याचा आपणांस विसर पडतो. तो पक्षी म्हणजे ऋग्वेदातला श्येन.

चौथ्या मंडलातील २६ वे व २७ वे ही सूक्ते वामदेव ऋषींच्या नावावर आहेत. त्यांत श्येन द्युलोकातून सोम आणतो, तो मनूसाठी, म्हणजे माणसाच्या यज्ञासाठी. कृशानू नावाचा धनुर्धर त्याच्यावर बाण सोडतो. पक्षी निसटतो, सोम पोचतो. पण त्याचे एक पीस गळून पडते. हा पक्षी कुणाचे वाहन नाही, आणि अजिंक्यही नाही.

त्या पिसाचे पुढे काय झाले, ते पाहण्यासारखे आहे. ऋचेत त्याला ‘पर्ण’ म्हटले आहे. आणि पर्ण म्हणजे पीसही, पानही. तैत्तिरीय संहितेत सोम आणते ती गायत्री, आणि त्या वेळी तुटलेल्या पर्णाचा पळस होतो. म्हणून आहुती देण्याची जुहू पळसाच्या लाकडाची असावी, असे तेथे सांगितले आहे. स्वर्गाची इच्छा असणाऱ्याने श्येनाच्या आकाराची चिती रचावी, हेही त्याच संहितेत आहे. १९७५ साली केरळातील पांजाळ गावी नंबुद्री वैदिकांनी पक्ष्याच्या आकाराची चिती रचून अग्निचयन केले.

महाभारताच्या आदिपर्वात श्येनाच्या जागी गरुड येतो आणि सोमाच्या जागी अमृत. आईचे दास्य सोडविण्यासाठी तो ते हरण करतो. इंद्राच्या वज्राने त्याला इजा होत नाही. वज्राचा मान राखावा म्हणून तो आपणहून एक पीस टाकतो. याच कथेत तो विष्णूचे वाहन होण्याचे मान्य करतो. पीस तेच, परंतु जखमेचे आता औदार्य झाले.

पुराणकारांनी पक्ष्याचे सामर्थ्य वाढविले, यात शंका नाही. तरीही आम्हांस वामदेवाचा श्येन अधिक जवळचा वाटतो. माणसाच्या हाती जे मोलाचे आले, ते आणणाऱ्याला काही गमवावे लागले, हे त्या कवीने लपविले नाही. या दिवसांत रानात पळस फुललेला दिसेल, तेव्हा त्या गळालेल्या पिसाची आठवण ठेवावी, एवढीच आमची विनंती.