खाऱ्या पाण्यातली वीज

हर्णै, मिरकरवाडा किंवा ससून डॉक, कुठल्याही बंदरात ट्रॉलरच्या केबिनमध्ये डोकावले की फळीवर यंत्रांची ओळ दिसते. जीपीएस, फिश फाइंडर, व्हीएचएफ रेडिओ, आणि बोट वीस मीटरपेक्षा लांब असेल तर तिची ओळख आणि जागा कळवणारे एआयएस. नजर पडद्यांवर जाते हे स्वाभाविकच आहे. पण ही यंत्रे भर समुद्रात चालणार की नाही हे ठरते फळीच्या मागे: लाल-काळ्या वायरची जोडी, मधला फ्यूज, टोकाला दाबून बसवलेले थिंबल आणि खाली लाकडी खोक्यात बांधून ठेवलेली बॅटरी. यातली एकही वस्तू सहज म्हणून तिथे आलेली नाही. प्रत्येकीमागे कुणाची तरी फसलेली युक्ती आहे, नाहीतर कुणाचा तरी जीव गेलेला आहे.

सुरुवात थेट खाऱ्या पाण्यापासूनच करावी लागते. 1800 मध्ये व्होल्टा या इटालियन शास्त्रज्ञाने दोन वेगवेगळ्या धातूंच्या चकत्या एकमेकींवर रचल्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले पुठ्ठे घातले आणि पहिल्यांदा सलग वाहणारी वीज मिळवली. दोन धातू आणि खारे पाणी, एवढे साहित्य बॅटरीला पुरते. बोटीवर हे साहित्य नको तितके असते. लोखंडी खिळा, तांब्याची तार, पितळेचा स्क्रू यांच्यावर समुद्राचा शिंतोडा पडला की तिथे न मागता बॅटरी तयार होते, आणि त्या सौद्यात एक धातू खाल्ला जातो. वीज जन्माला घालणारी आणि वीज तोडणारी क्रिया इथे एकच आहे. बोटीच्या वायरिंगचा सगळा इतिहास मला या एका पेचाभोवती फिरताना दिसतो.

हा पेच पहिल्यांदा नीट ओळखला तो इंग्रज रसायनशास्त्रज्ञ हम्फ्री डेव्हीने. ब्रिटिश आरमाराच्या लाकडी जहाजांना तळाशी तांब्याचे पत्रे ठोकलेले असत आणि समुद्र ते पत्रे खात असे. 1824 मध्ये डेव्हीने सुचवले की तांब्याला जस्ताचे किंवा लोखंडाचे तुकडे जोडा, म्हणजे समुद्र त्यांना खाईल आणि तांबे वाचेल. ‘समारंग’ या युद्धनौकेवर प्रयोग झाला. तांबे वाचले, अगदी ठरल्यासारखे वाचले. पण विरघळणाऱ्या तांब्याच्या विषामुळेच तोवर शेवाळ आणि शिंपले दूर राहत होते. विरघळणे थांबताच जहाजाच्या तळावर त्यांचे रान माजले आणि जहाजे मंदावली. आरमाराने तो उपाय मागे घेतला. डेव्हीचा सिद्धान्त मात्र खरा होता, आणि आज बोटीच्या पंख्याजवळ बसवला जाणारा जस्ताचा ठोकळा त्याचाच वारस आहे.

तारेच्या बाबतीत हाच धडा फार हळू गिरवला गेला. साध्या तांब्याच्या बारीक तारांची वायर कापली, टोक उघडे राहिले, की खारा ओलावा दिव्याच्या वातीत तेल चढावे तसा आवरणाच्या आतून वर चढतो. बाहेरून वायर धडधाकट दिसते. आवरण सोलले की आत तांबे काळे पडलेले, टोकाला हिरवा कळक. त्यावर इलाज निघाला तो प्रत्येक तारेला कथिलाचा पातळ थर देण्याचा, म्हणजे कल्हई करण्याचा. तांब्यापितळेच्या भांड्यात आमटी कळकू नये म्हणून आपल्याकडे कल्हईवाला दारोदार फिरत असे. बोटीच्या तारेला तीच कल्हई हवी. ती नसलेली वायर स्वस्त पडते, म्हणून तीच खपते.

बोटीवर वीज चढली ती आधी बॅटरीच्या रूपाने. 1838 मध्ये याकोबी या शास्त्रज्ञाने सेंट पीटर्सबर्गला नेवा नदीत विजेवर चालणारी होडी माणसे बसवून चालवली. पण विजेची खरी घरबांधणी झाली 1880 मध्ये, ‘कोलंबिया’ या अमेरिकन आगबोटीवर. एडिसनचे शंभरावर दिवे तिच्यावर लागले. प्रवाशांना स्वतः दिवा लावायची मुभा नव्हती. खोलीबाहेर कुलूपबंद पेटीत बटण असे आणि कारभारी येऊन ते फिरवत असे. लाकूड, रंग, कापूस, मेण यांनी भरलेल्या जहाजात ठिणगीची धास्ती किती होती, ते त्या कुलपावरून कळते. त्याच वर्षीच्या मे महिन्यात एडिसनला फ्यूजचे पेटंट मिळाले: तारेच्या वाटेत मुद्दाम ठेवलेला कमजोर तुकडा, प्रवाह वाढला की तोच आधी वितळावा. फ्यूज असतो तो वायरीसाठी, आणि ही गोष्ट आजही पुष्कळांच्या ध्यानात नसते. यंत्रापाशी फ्यूज आहे म्हणून निर्धास्त राहिलेल्या बोटीत बॅटरी ते फ्यूज एवढा वायरचा तुकडा उघड्यावर असतो, आणि तो कुठे घासून शॉर्ट झाला तर मध्ये अडवणारे काहीच नसते. म्हणून फ्यूज बॅटरीच्या जितका जवळ असेल तितका बरा.

पुढची पायरी जीव घेऊन आली. 1881 मध्ये आरमारात दाखल झालेल्या ‘इन्फ्लेक्सिबल’ या ब्रिटिश युद्धनौकेवर आर्क दिव्यांसाठी 800 व्होल्टची यंत्रणा होती. पुढच्याच वर्षी तिचा धक्का बसून एक खलाशी दगावला. त्यानंतर ब्रिटिश आरमाराने जहाजावरचा विजेचा दाब 80 व्होल्टवर आणला. ओल्या डेकवर, ओल्या अंगाने काम करणाऱ्या माणसासाठी कमी व्होल्ट हीच शहाणी निवड होती. लहान बोटी तर मोटारीच्या मागोमाग 12 आणि 24 व्होल्टवर स्थिरावल्या.

पण कमी व्होल्टची किंमत वायर मोजते. हे जवळून पाहण्यासारखे आहे. व्हीएचएफ नुसता ऐकत असतो तेव्हा जेमतेम अर्धा अँपिअर घेतो. बोलायचे बटण दाबले की 25 वॉटने संदेश पाठवण्यासाठी त्याला पाच-सहा अँपिअर लागतात. बॅटरी पाच मीटर दूर असेल तर जाणारी आणि येणारी मिळून दहा मीटर वायर झाली. घरात पंख्या-दिव्याला वापरतात ती दीड चौरस मिलिमीटरची वायर घातली तर सहा अँपिअरला वाटेतच सुमारे 0.7 व्होल्ट गळून जातात. घरच्या 230 व्होल्टमध्ये ही गळती कुणाच्या खिजगणतीत नसते. इथे मात्र बाराचे सहा टक्के गेले. अमेरिकन बोट अँड यॉट कौन्सिलचे मानक महत्त्वाच्या उपकरणांना तीन टक्क्यांची मर्यादा घालते. चार चौरस मिलिमीटरची वायर घातली तर गळती 0.3 व्होल्टच्या आत येते आणि मर्यादा पाळली जाते. आता वायर दीडचीच आहे, बॅटरी अर्धी उतरून 12 वर आली आहे आणि एका थिंबलला कळक चढून आणखी अर्धा व्होल्ट जातो आहे असे धरा. रेडिओच्या हाती 11 सुद्धा उरत नाहीत, आणि बऱ्याच संचांना किमान पावणेबारा लागतात. म्हणजे दिवसभर पलीकडचे बोलणे स्वच्छ ऐकू येते, पडदा उजळलेला असतो, तांडेलाला वाटते यंत्र ठणठणीत आहे. आणि ज्या क्षणी मदतीसाठी बटण दाबावे त्या क्षणी ते मान टाकते. बिघाड फक्त हाक मारतानाच प्रकट होतो, याहून घातकी दोष मला सुचत नाही.

लाल-काळ्या जोडीची कुळकथा वेगळी. विजेच्या तारेजवळ होकायंत्राची सुई हलते हे डॅनिश शास्त्रज्ञ ओर्स्टेडने 1820 मध्येच दाखवले होते. तरी लोखंडी जहाजांवर सुरुवातीला एकच तार ओढून परतीला जहाजाचा सांगाडाच वापरण्याची पद्धत होती, कारण अर्धी वायर वाचे. परिणामी सुई ढळे, शिवाय जोडांमधून पाझरणारी वीज लोखंडाला पोखरी. जाणारी आणि येणारी तार शेजारी शेजारी घातली की त्यांचे चुंबकत्व एकमेकांना खोडून काढते, म्हणून जोडी आली. मासेमारीच्या बोटींवर पुष्कळदा ट्रकच्या जातीचे डिझेल इंजिन असते, आणि त्याच्यासोबत ट्रकची सवयही येते: बॉडीला अर्थ दिला की झाले. लाकडी किंवा फायबरच्या बोटीला ती बॉडीच नाही. तिथे प्रत्येक यंत्राची काळी वायर थेट बॅटरीच्या ऋण टोकाला जोडलेल्या मूळ पट्टीपर्यंत गेलीच पाहिजे.

आता या मागोव्यातला माझ्या दृष्टीने सगळ्यात मोठा दिवस: 23 जानेवारी 1909. अमेरिकेच्या नँटकेट बेटाजवळ दाट धुक्यात ‘फ्लोरिडा’ नावाची बोट ‘रिपब्लिक’ या प्रवासी जहाजाच्या कुशीत घुसली. इंजिनघरात पाणी भरले, डायनॅमो बंद पडले, जहाज अंधारात गेले. बिनतारी संदेशाचा तरुण ऑपरेटर जॅक बिन्स याच्या खोलीची भिंत धडकेत फाटली होती. त्याने अंधारात चाचपडत राखीव बॅटऱ्या मिळवल्या, संच त्यांना जोडला आणि त्या कमी ताकदीवर, बोटे गारठत असताना, हाक घालायला सुरुवात केली. किनाऱ्यावरच्या केंद्राने ती पकडून पुढे पाठवली. ‘बाल्टिक’ जहाज धुक्यात शोध घेत अखेर पोहोचले आणि दोन्ही बोटींवरची मिळून सुमारे पंधराशे माणसे वाचली. मुख्य वीज मेल्यावरही जिवंत राहणारी दुसरी वीज, आणि ती फक्त रेडिओसाठी: ही कल्पना त्या दिवशी सिद्ध झाली. तरी तिचा कायदा व्हायला ‘टायटॅनिक’ बुडावी लागली. तिथे अभियंत्यांनी शेवटच्या काही मिनिटांपर्यंत डायनॅमो चालू ठेवले, म्हणून दिवेही राहिले आणि संदेशही जात राहिला. ते सारे अभियंते जहाजासोबत गेले. जुलै 1912 च्या अमेरिकन कायद्याने जहाजाच्या मुख्य यंत्रणेपासून स्वतंत्र, किमान चार तास पुरणारी वीज रेडिओसाठी सक्तीची केली. 1914 च्या लंडन करारात आणखी मोलाची अट आली: हा राखीव संच जहाजात शक्य तितका उंच ठेवा. पाणी खालून चढते, म्हणून.

आपल्या किनाऱ्यावर या धड्याची दुसरी बाजू लिहिली गेली. 17 जुलै 1947 रोजी मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ ही प्रवासी बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसे गेली. तिच्यावर बिनतारी यंत्रच नव्हते. रेवसच्या कोळ्यांनी हाती लागली तितकी माणसे वाचवली. मुंबईला मात्र कित्येक तास काही पत्ता नव्हता, वाचलेल्यांच्या तोंडून कळले तेव्हाच कळले.

स्वातंत्र्यानंतरच्या दशकांत मासेमारीच्या होड्यांवर इंजिन आले, मग सेल्फ-स्टार्टर आला. आणि नवी गल्लत झाली. स्टार्टर फिरताना बॅटरीतून शेकडो अँपिअर ओढले जातात, दाब क्षणभर नऊ-दहा व्होल्टवर कोसळतो आणि त्याच बॅटरीवरचा जीपीएस बंद होऊन पुन्हा पहिल्यापासून चालू होतो. उलटेही घडते: रात्रभर जाळ्यावर थांबताना दिवे आणि पडदे बॅटरी पिऊन टाकतात आणि पहाटे इंजिन चालू होत नाही. इंजिनाची एक बॅटरी, यंत्रांची दुसरी, आणि चार्जिंग दोघींना मिळावे पण एकीने दुसरीचे खाऊ नये अशी मधली जोडणी, हा बिन्सच्या बॅटऱ्यांचाच लहान बोटीतला वंश आहे.

या वंशाचे शेवटचे अपत्य बोटीच्या वायरिंगवर विश्वासच ठेवत नाही. ईपर्ब नावाचे संकटसूचक यंत्र स्वतःची सीलबंद बॅटरी घेऊन येते आणि किमान 48 तास उपग्रहाला हाक देत राहते. इस्रोने आपल्या मच्छीमारांसाठी बनवलेला डॅट हा संकटसूचक ट्रान्समीटरही स्वतःच्या बॅटरीवर चालतो. पहिल्या पिढीचा डॅट फक्त हाक पाठवत असे. दुसऱ्या पिढीत हाक पोहोचल्याची पोचही समुद्रात परत येते. ऑगस्ट 2024 मध्ये पालघरला झालेल्या कार्यक्रमात देशभरच्या एक लाख बोटींवर ट्रान्सपॉन्डर बसवण्याची योजना सुरू झाली. याचा मला मनापासून आनंद आहे. पण बोट फळकुटांवर येईपर्यंत थांबायचे नसेल तर संकटाच्या आधीचे यंत्र, म्हणजे शेजारच्या बोटीला ‘इंजिन बंद पडलंय, ओढायला या’ असे सांगणारा व्हीएचएफ, बोटीच्याच विजेवर जगतो. यंत्रांना अनुदान मिळते तसे कल्हईच्या वायरला, जाड थिंबलला आणि दुसऱ्या बॅटरीला मिळाले पाहिजे. बंदरातल्या वायरमनला घरच्या आणि बोटीच्या वायरिंगमधला फरक शिकवणारे चार दिवसांचे वर्ग मासेमारी सोसायट्यांनी भरवले पाहिजेत. जून-जुलैची बंदी त्यासाठी सोयीची आहे. बोटी वर ओढलेल्या असतात, जाळी दुरुस्त होत असतात, इंजिन उघडलेले असते. त्याच दिवसांत फळीमागची प्रत्येक वायर सोडवून तिचे टोक कापून पाहावे, काळे निघाले तर वायर बदलावी, आणि शेवटी रेडिओचे बोलायचे बटण दाबून धरून संचाच्या मागच्या टोकांवर मीटर लावावा. पावणेबाराच्या वर काटा राहिला तर ती बोट 1 ऑगस्टला सोडायला हरकत नाही.